ड्रोनचं फुटेज ट्रिपमध्ये कॉपी केलं, पण घरी आल्यावर उघडत नाही किंवा गायबच आहे: काय काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

खालच्यातलं काहीही होत असेल तर पुढे वाचा.

– फाइल दिसते पण उघडत नाही, "करप्ट" म्हणते नाहीतर नुसता काळा पडदा
– फाइलची साइझ ० किंवा ४ केबी
– शेवटच्या दिवसाचं सगळं आहे, पहिल्या दिवसाचं काहीच नाही
– व्हिडिओ चालतो, पण टीव्हीवर लावला की धुरकट, ४के वाटतच नाही
– कॉपी निम्म्यात अडकते, तीही मोठ्या फाइलपाशीच, नाहीतर डिस्क आपोआप निघून जाते
– कार्ड लावलं की लॅपटॉप म्हणतो फॉरमॅट करा
– कार्ड कुठेच दिसत नाही

माझं काम एडिटिंगचं, त्यामुळे स्पितीहून, लडाखहून, तारकर्लीहून आलेली मंडळी डिस्क आणि कार्डांची डबी टेबलावर ठेवतात आणि म्हणतात "कार्ड गेलं वाटतं". बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं. गडबड झालेली असते ती कॉपी करताना, रात्री होमस्टेवर, लाइट जायच्या आत, उद्यासाठी कार्ड रिकामं हवं म्हणून. म्हणजे या दुखण्याचं मूळ कार्डात कमी आणि कार्ड रिकामं करायच्या घाईत जास्त.

काहीही करायच्या आधी

ते कार्ड बाजूला काढा. त्यावर नवीन शूटिंग नाही, फॉरमॅट नाही, फोनमध्ये घालून बघणं नाही. फाइल डिलीट केली किंवा कार्ड फॉरमॅट केलं तरी बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, खरा डेटा तिथेच असतो, जोपर्यंत त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोपर्यंत. एक जास्तीची फ्लाइट केलीत की तो भाग कायमचा जातो. लॅपटॉपने "फॉरमॅट करायचं का" विचारलं तर कॅन्सल. दहा वेळा विचारलं तरी कॅन्सल.

आता फुकटात होणाऱ्या गोष्टींपासून सुरू करू.

तुम्ही बघताय ती फाइल खरी आहे का

फोनमधल्या अ‍ॅपमध्ये जो व्हिडिओ लगेच दिसतो तो बऱ्याचदा उडवताना फोनवर साठलेला प्रीव्ह्यू असतो, कमी रिझोल्यूशनचा. ओरिजिनल फाइल ड्रोनमधल्या कार्डावर असते आणि ती मुद्दाम डाउनलोड केल्याशिवाय फोनमध्ये येत नाही. "फोनमध्ये आहे सगळं" म्हणून कार्ड फॉरमॅट केलेले लोक मी बघितलेत, म्हणून ही तपासणी सगळ्यात वर. फाइलच्या डिटेल्समध्ये रिझोल्यूशन बघा, ३८४० बाय २१६० असेल तर ४के, १२८० बाय ७२० असेल तर तुमच्या हातात प्रीव्ह्यू आहे.

दुसरं, डीजेआय या कंपनीच्या अलीकडच्या बऱ्याच ड्रोनमध्ये प्रत्येक एमपी४ सोबत एक एलआरएफ फाइल बनते, आणि सबटायटल चालू असतील तर एसआरटी. एलआरएफ म्हणजे लहान साइझची प्रीव्ह्यू कॉपी. घाईत निवडून निवडून कॉपी करताना कधी फक्त हीच गेलेली असते. पण तिला शिव्या घालू नका, एमपी४ खरंच मेली असेल तर एलआरएफचं एक्स्टेंशन बदलून एमपी४ केलं की ती चालते, क्वालिटी कमी पण आठवण तरी हातात राहते.

तिसरं, मॅकवरून एक्सफॅट डिस्कवर (एक्सफॅट म्हणजे डिस्कवर फाइल ठेवायची एक पद्धत, ती मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते) कॉपी केलं असेल आणि तीच डिस्क विंडोजला लावली तर प्रत्येक फाइलच्या जोडीला डॉट आणि अंडरस्कोरने सुरू होणारी ४ केबीची एक फाइल दिसते. ती व्हिडिओ नाहीच, मॅकने ठेवलेली किरकोळ माहिती आहे, ती उघडणार नाही. तिच्या शेजारची मोठी फाइल उघडा.

कार्ड रिकामं दिसतंय? ड्रोनच्या पोटात बघा

बऱ्याच ड्रोनला स्वतःचं थोडं स्टोरेज असतं. डीजेआयच्या मिनी ४ प्रो मध्ये २ जीबी, एअर ३ मध्ये ८ जीबी. कार्ड नीट बसलं नसेल किंवा कार्ड लॅपटॉपमध्येच विसरून उडवलं असेल तर फुटेज तिथे जाऊन बसतं. ड्रोन चालू करून यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि बघा. बॅटरी भरलेली असू द्या, निम्म्यात बंद पडला तर परत पहिल्यापासून.

प्लेअर बदलून बघा

एच.२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धतीत, शूट केलेलं असेल तर जुना विंडोज लॅपटॉप ते उघडत नाही किंवा काळं दाखवतो. व्हीएलसी टाका, फुकट आहे. व्हीएलसीत अडखळत चालत असेल तर फाइल चांगली आहे, लॅपटॉप दमलाय एवढंच. आवाज येत नाही म्हणून घाबरणारेही असतात, तर यातल्या बहुतेक ड्रोनना माइकच नसतो, आवाज येणार कुठून.

अडॅप्टर, केबल, रीडर

मायक्रोएसडीच्या मोठ्या अडॅप्टरला डाव्या बाजूला छोटी सरकपट्टी असते, ती खाली सरकली की कार्ड लॉक. बॅगेत घासून आपोआप सरकते. लॉक झालं तर फाइल वाचता येते पण फॉरमॅट किंवा डिलीट होत नाही, आणि लोक म्हणतात कार्ड खराब. पट्टी वर करा. अडॅप्टर ढिला असेल तर दुसरा घ्या, शंभर-दीडशेच्या वस्तूसाठी कार्डाला दोष देऊ नका.

केबलचंही तेच. पॉवर बँकसोबत आलेल्या बऱ्याच केबली फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाची तारच नसते. काही अँड्रॉइड फोनमध्ये ओटीजी, म्हणजे फोनला कार्ड रीडर किंवा पेनड्राइव्ह जोडायची सोय, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं, त्यामुळे कार्ड सकाळी दिसत होतं आणि आता दिसत नाही असं वाटतं.

किनाऱ्यावरून आला असाल तर कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बोटाचा घाम आणि खारट हवा बसलेली असते. कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा, पाणी नाही, खरवडणं नाही. पावसाळ्यात घाटातून आल्यावर ड्रोन किंवा डिस्क गार असेल तर जरा वेळ तशीच ठेवा, आत बाष्प धरलेलं असतं, लगेच चालू करू नका.

मोठीच फाइल अडकते

छोट्या फाइल सरळ जातात आणि मोठी आली की एरर, असं असेल तर तुमचा पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ मध्ये, म्हणजे फाइल ठेवायच्या जुन्या पद्धतीत, फॉरमॅट केलेला आहे. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, मग पेनड्राइव्ह २५६ जीबीचा का असेना. उलटा प्रकार एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीचा: विंडोजवर बनवलेली डिस्क मॅकला लावली की वाचता येते, पण त्यावर काही लिहिता येत नाही, म्हणजे तुम्ही पेस्ट दाबत बसता आणि काहीच होत नाही. सगळीकडे चालणारा पर्याय एक्सफॅट. पण त्या डिस्कवर आधीचं काही असेल तर फॉरमॅट करायच्या आधी ते दुसरीकडे घ्या. हे सांगायची गरज नसावी, पण असते.

डिस्क मध्येच निघून जाते

फोनला कार्ड रीडर आणि एसएसडी (आत फिरणारं काही नसलेली, चिपवाली डिस्क) दोन्ही लावून कॉपी करताना हे हमखास होतं. फोन बाहेरच्या वस्तूला मोजकीच वीज देतो, आयफोन १५ पासून पुढच्या फोनमध्ये साधारण ४.५ वॉट, आणि एसएसडी लिहिताना त्याच्यापेक्षा जास्त मागू शकते. मग ती क्षणभर बंद पडते आणि कॉपी तुटते. उपाय म्हणजे चार्जर लावता येणारा यूएसबी हब, वीज हबमधून जाते आणि फोन मोकळा राहतो. शिवाय स्क्रीन बंद झाली की काही फोन बॅटरी वाचवायला फाइल मॅनेजरलाच झोपवतात, तेव्हा त्या अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा आणि कॉपी होईपर्यंत स्क्रीन चालू ठेवा.

आणि कृपा करून "मूव्ह" किंवा कट-पेस्ट करू नका, नेहमी कॉपी. मूव्ह करताना एकेक फाइल तिकडे गेली की इकडून पुसली जाते, त्यात वीज गेली तर नेमकं काय कुठे आहे हे शोधण्यात रात्र जाते.

पहिला दिवस गायब: एकाच नावाच्या दोन फाइल

हा माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात वाईट प्रकार, म्हणून जरा थांबून सांगतो. बऱ्याच जुन्या ड्रोनमध्ये फाइलचं नाव डीजेआय_०००१, डीजेआय_०००२ असं असतं. कार्ड फॉरमॅट केलं किंवा नवीन कार्ड घातलं की नंबर परत ०००१ पासून. सोमवारी स्पितीत काझ्याला शूट केलं, डिस्कवर "ड्रोन" नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं, कार्ड रिकामं केलं. मंगळवारी चंद्रतालला शूट केलं, परत त्याच फोल्डरमध्ये टाकलं. लॅपटॉपने विचारलं, या नावाच्या फाइल आहेत, रिप्लेस करू का? थंडीने बोटं बधिर, झोप आलेली, दाबलं "हो, सगळ्या". सोमवार संपला. दोन मित्रांचे दोन ड्रोन एकाच फोल्डरमध्ये टाकले तरी हेच. नवीन ड्रोन नावात तारीख-वेळ घालतात म्हणून त्यांना हा त्रास कमी.

तपासायचं कसं: फोल्डरमधल्या फाइल तारखेप्रमाणे लावा. सुरुवातीच्या नंबरांना मंगळवारची तारीख आणि पुढच्या काही नंबरांना सोमवारची दिसली तर हेच झालंय, कारण मंगळवारी शॉट कमी घेतले म्हणून सोमवारचं शेपूट वाचलं. अशा वेळी डिस्कवर काही लिहू नका, आणि सोमवारचं कार्ड जर दुसरं असेल आणि त्यावर अजून शूट केलं नसेल तर तिथून परत मिळायची चांगली आशा असते. पुढच्या वेळी रोजचा वेगळा फोल्डर, नावात तारीख, गाव आणि कार्डाचा नंबर. कार्डावर मार्करने १, २, ३ लिहा, एवढंही पुरतं.

साइझ जुळते का? आणि जुळली तरी

कार्ड अजून शाबूत असेल तर आता हिशेब करा. कार्डावरचा फोल्डर आणि डिस्कवरचा फोल्डर, दोन्हीच्या प्रॉपर्टीज उघडा आणि फाइलची संख्या व बाइट्स शेजारी शेजारी बघा. बाइट्सच बघा, जीबी नको, कारण विंडोज १०२४ ने भागतं आणि मॅक १००० ने, त्यामुळे तीच फाइल दोन ठिकाणी वेगळ्या जीबीची दिसते आणि उगाच धसका बसतो. समजा कार्डावर ४१ फाइल आहेत आणि डिस्कवर पण ४१, पण बाइट्स कमी, तर बहुधा कॉपी तुटली तेव्हाची फाइल अर्धी आहे. ती एकच परत कॉपी करा, विषय संपला.

गंमत अशी की बाइट्स जुळले तरी खात्री नसते. काही वेळा कॉपी सुरू होतानाच डिस्कवर पूर्ण साइझची जागा धरली जाते आणि मध्येच तुटलं तर उरलेला भाग नुसत्या शून्यांनी भरलेला राहतो. बाहेरून फाइल धडधाकट दिसते. म्हणून प्रत्येक मोठी फाइल उघडून थेट शेवटच्या काही सेकंदांवर जा. तिथे चित्र दिसलं तर बरंचसं निभावलं. यापेक्षा पक्कं हवं असेल तर विंडोजवर टेराकॉपी या प्रोग्राममध्ये व्हेरिफाय चालू करून कॉपी करा, ते दोन्हीकडच्या फाइलचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला ओळख-आकडा) काढून ताडून बघतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो, तो द्या.

वेळेचा अंदाज असू द्या म्हणजे घाई होत नाही. ड्रोन १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर मिनिटाला ७५० एमबी होतात, १५० ला ११२५, म्हणजे १०० ला एक तास फुटेज ४५ जीबी. यूएसबी २ चा रीडर ३०-३५ एमबी सेकंदाला देतो, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं गेली. चांगला यूएसबी ३ रीडर आणि चांगलं कार्ड असेल तर आठ-दहा मिनिटं. आयफोन १५ साध्याचं पोर्ट यूएसबी २ च्याच स्पीडचं आहे, प्रोचं नाही. आणि हॉटेलच्या वायफायवरून क्लाउडला टाकायचं म्हणत असाल तर १० एमबीपीएस अपलोड मिळालं तरी हे ४५ जीबी जायला दहा तास, शिवाय गूगलची फुकट जागा १५ जीबीच. क्लाउड निवडक दोन-चार शॉटसाठी ठीक.

कॉपी झाली की इजेक्ट करूनच काढा. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही, नसतं, लिहिणं चालू असताना ओढलं तर यादीच बिघडते, आणि मग तोच "फॉरमॅट करा" वाला मेसेज.

फिरत्या हार्ड डिस्कबद्दल एक सांगतो, बऱ्याच हार्ड डिस्क साधारण ३,००० मीटर उंचीपर्यंत चालवायला म्हणून बनवलेल्या असतात, कारण आतलं डेटा वाचणारं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे एसएसडीच न्या, आणि ती गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात तापवू नका.

रेकॉर्डिंग नीट बंदच झालं नाही

ड्रोन आपटला, बॅटरी निखळली, किंवा उतरल्यावर रेकॉर्डिंग न थांबवता बॅटरी काढली. एमपी४ च्या आत कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका असते आणि ती रेकॉर्डिंग बंद होताना पूर्ण होते. ती नसली की फाइल ३ जीबीची असूनही उघडत नाही. आधी पूर्ण कार्डाची कॉपी काढून ठेवा, मग कार्ड त्याच ड्रोनमध्ये घालून ड्रोन चालू करा आणि थोडा वेळ तसाच ठेवा, डीजेआयचे बरेच ड्रोन अशी अर्धवट फाइल स्वतःच दुरुस्त करायचा प्रयत्न करतात. हे फक्त अर्धवट फाइलसाठी, डिलीट झालेल्यांसाठी नाही. जमलं नाही तर अनट्रंक नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्याला त्याच ड्रोनची, त्याच रिझोल्यूशन-एफपीएसची (एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम) एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यायची, तिच्यावरून तो बिघडलेलीची अनुक्रमणिका परत उभी करतो. नमुना वेगळ्या सेटिंगचा दिलात तर हिरवे-गुलाबी चौकोन येतात.

कार्डच नकली

स्वस्तात घेतलेलं ५१२ जीबीचं कार्ड आत खरं ३२ जीबीचंच असू शकतं. मग पहिले ३२ जीबी नीट, त्यापुढचं एकतर कुठेच जात नाही किंवा आधीच्यावर लिहिलं जातं. लक्षण सोपं, एका ठरावीक जागेनंतरच्या सगळ्या फाइल खराब. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफ३ या प्रोग्रामने तपासता येतं, पण ही टेस्ट कार्ड भरून टाकते, म्हणून आधी त्यावरचं सगळं काढून घ्या. विकत घेतल्या घेतल्या घरी करा, ट्रिपच्या आदल्या रात्री नको. कार्डावर व्ही३० लिहिलेलं बघून घ्या, म्हणजे कमीत कमी ३० एमबी सेकंदाला लिहिण्याची हमी, १५० एमबीपीएसच्या फुटेजला ते पुरून उरतं.

घरच्या घरी रिकव्हरी, ही शेवटची

फोटोरेक हा प्रोग्राम फुकट आहे, डिलीट झालेल्या फाइल शोधतं. सापडलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर काढायचं, त्याच कार्डावर कधीच नाही. फोटो बरेचसे मिळतात. व्हिडिओचं सांगता येत नाही, कारण ड्रोन एमपी४ आणि एलआरएफ एकाच वेळी लिहीत असतो आणि त्यांचे तुकडे कार्डावर एकमेकांत मिसळलेले असू शकतात, मग फाइल मिळते पण चालत नाही. आणि चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन) चालवायचा सल्ला कुणी दिला तर कॉपी काढल्याशिवाय ऐकू नका, ते यादी "दुरुस्त" करताना वाचण्यासारख्या फाइलचेही नावगाव नसलेले तुकडे करून ठेवतं.

इथे थांबा

कार्ड दोन वेगळ्या रीडरमध्ये आणि दोन वेगळ्या मशीनवर दिसत नसेल, हाताला चटका बसेल एवढं तापत असेल, कोपरा तुटला किंवा चीर गेली असेल, एसएसडी दर वेळी काही सेकंदांत निघून जात असेल, हार्ड डिस्क टिकटिक आवाज करत असेल, तर हात काढा. परत परत लावून बघू नका, प्रत्येक वेळी अजून बिघडतं. फेविक्विक नाही, तांदळाचा डबा नाही, मोबाइल रिपेअरवाल्याकडे हीट गन नाही. फुटेज लग्नाचं किंवा पैसे घेऊन केलेल्या कामाचं असेल तर त्याच्याही आधी, म्हणजे फोटोरेकच्या पायरीलाच थांबून डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

मायक्रोएसडीत सगळं एकाच ठोकळ्यात ओतलेलं असतं, त्यामुळे त्याच्या आतल्या बारीक पॉइंटला तारा जोडून वाचावं लागतं, हे प्रत्येकाला जमत नाही आणि स्वस्तही नसतं. आधी विचारा की मायक्रोएसडी करता का, काही मिळालं नाही तर पैसे किती, आणि पैसे द्यायच्या आधी सापडलेल्या फाइलची यादी व एखादा व्हिडिओ चालवून दाखवाल का. सोबत ड्रोनचं मॉडेल, रिझोल्यूशन-एफपीएस, तुम्ही काय काय करून बघितलं ते कागदावर लिहून आणि त्याच ड्रोनची एक चांगली फाइल पेनड्राइव्हवर न्या, आणि मिळालेलं फुटेज घ्यायला रिकामी डिस्क वेगळी न्या.